बरणीतलं बरणीत, अंगातलं अंगात

कुणाच्या बोटाला कोयता लागला, दाढी करताना कुणाची हनुवटी कापली, कुणाचं पोर सायकलवरून पडून गुडघा फोडून आलं, की आमच्या आळीत हळदीचा डबा शोधायच्या आधी सरांना हाक जायची. सर डॉक्टर नव्हते. ते लगबगीनं यायचे, शर्टाच्या खिशातून एक पांढरा गोल कागद काढायचे आणि रक्त आलेल्या माणसाला आनंदानं म्हणायचे, "वा! पुसू नका हं, पुसू नका!" रक्त बघून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि रक्त थांबलेलं बघून पांढराफटक पडलेला माणूसही मी आयुष्यात एकच पाहिला. तोही हाच.

सर मूळचे आगाशीचे. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मी त्यांच्याच हाताखाली बी.एस्सी. झाले, त्यामुळे त्यांच्या तऱ्हेवाईकपणाची मला सवय होती. फळ्यावर लिहिता लिहिता ते मध्येच थांबत आणि पोरांना विचारत, "शेवाळाला रक्त नाही. मग रक्त पातळ ठेवायची विद्या त्याला कशाला?" आम्ही वहीत लिहून घ्यायचो आणि परीक्षेला येईल या भीतीनं एकमेकांकडे बघायचो. परीक्षेला ते कधी आलं नाही. सरांना मात्र तो प्रश्न निवृत्तीनंतरही सोडेना.

निवृत्त झाल्यावर ते वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहायला गेले. चांगला फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. सरांनी पहिल्याच हिवाळ्यात सोसायटीच्या गच्चीवर समुद्राचं शेवाळ वाळत घातलं. तपकिरी, चिवट, मण्यांएवढे फुगे असलेलं. त्याचा वास लिफ्टमधून तळमजल्यापर्यंत उतरला. सोसायटीनं मीटिंग बोलावली. सरांनी तिथं उभं राहून वासाच्या बाजूनं व्याख्यान दिलं. शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सांगून टाकलं, "या घरात एक तर शेवाळ राहील, नाही तर मी." सरांनी विचार करायला दोन दिवस मागितले. काकू हे अजून सगळ्यांना सांगतात, आणि सांगताना हसतात, म्हणून आपणही हसायचं.

मग ते स्कूटरवरून आमच्या वाडीत आले. आगाशीच्या पश्चिमेला, समुद्राचा वारा लागतो अशा ठिकाणी आमची केळीची आणि भाजीची वाडी आहे. तिथली जुनी पंपाची खोली रिकामी पडली होती. पप्पा खाटेवर बसले होते. सरांनी सगळा प्रकार प्रामाणिकपणे सांगितला, वासासकट. पप्पा म्हणाले, "सर, वास माझ्या केळींना आला तरी चालेल. माझ्या जेवनाला येता कामा नाय." एवढ्यावर व्यवहार झाला. सर पप्पांना त्या दिवसापासून 'मालक' म्हणू लागले आणि पप्पा त्यांना आमच्यासारखंच 'सर'.

शेवाळ आणून द्यायची अर्नाळ्याची एक कोळीण. पाटी उतरवतानाच तिचं सुरू व्हायचं. "सर, तुमचा कचरा आनलाय. जाल्याला लागतो, पोरांचे हात सोलतो, आमी त्याला शिव्या देताव नि तुमी त्याला बालावानी न्हाऊ घालताव." सर खरंच त्याला न्हाऊ घालायचे. गोड्या पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे, कुटायचे, स्पिरिटमध्ये भिजवून त्याचा रंग काढायचे, मग मंद आचेवर तासन् तास शिजवून मलमलीतून गाळायचे. पुढेही काय काय करायचे. शेवटी बाटलीत उरायचं ते बेचव तपकिरी पाणी. आई त्याला 'सरांची आमटी' म्हणायची.

त्या आमटीत एक साखर असते. चहात घालतो ती नव्हे. सर समजावत, "एकाला एक अशा शेकड्यांनी जोडलेल्या साखळ्या, आणि जागोजागी गंधकाचे हात. शेवाळ ओहोटीच्या वेळी खडकावर उघडं पडतं. सुकू नये म्हणून ते हा चिकट पदार्थ अंगात बाळगतं. बिचाऱ्याला रक्त म्हणजे काय ते माहीतही नाही. पण ताज्या रक्तात त्याचे चार थेंब टाका, रक्त गोठायचं विसरतं!" हे सांगताना ते लग्न ठरलेल्या मुलाच्या बापासारखे दिसत.

त्यांचे ते पांढरे गोल कागद म्हणजे प्रयोगशाळेतले फिल्टर पेपर. खिशात कायम पाच-सहा असायचे. सुरुवातीच्या दिवसांत सर वाकून काही उचलत असताना ते खिशातून आमच्या पडवीत सांडले. आई देवळातली, म्हणजे चर्चमधली, मिस्सा चुकवत नाही. ते पांढरे, पातळ, गोल कागद जमिनीवर पसरलेले बघून तिला वाटलं, या माणसानं देवळातून प्रसादाच्या चकत्याच खिशात घालून आणल्या. तिनं क्रूस केला, गुडघे टेकले आणि त्यांना हात लावायलाही धजेना. सर तिच्या शेजारी गुडघे टेकून शांतपणे कागद गोळा करू लागले. "तुम्ही कशाला वाकता, मी उचलतो," म्हणाले. तेवढ्यात फादर आले असते तर काय समजले असते देव जाणे.

त्या कागदाचं काम साधं होतं. जखमेला चोळायचं नाही, नुसता कागदाचा काठ रक्ताच्या थेंबाला टेकवायचा. एक लाल ठिपका उमटतो. थोडं थांबून शेजारी दुसरा. ठिपके लहान लहान होत जातात आणि एक वेळ अशी येते की कागद कोराच राहतो. म्हणजे रक्त थांबलं. मधलं 'थोडं थांबून' सर घड्याळावर मोजत नसत. मूलद्रव्यांची नावं म्हणत. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, असं निऑनपर्यंत गेलं की कागद टेकवायचा. निऑनला आवाज चढायचा. आळीतल्या पोरांना बाराखडीआधी निऑन पाठ झाला होता.

आता एक गंमत अशी, की सर कांदासुद्धा विचार करून खाणारे. मासळीच्या वासाला नाक न मुरडणं हीच त्यांची मोठी उदारता. आणि आमच्याकडे लग्न म्हटलं की आदल्या दिवशी डुक्कर आलंच. डुकराचं रक्त टोपात धरायचं, त्यात लगेच शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा आणि ते सतत ढवळत राहायचं, नाही तर बघता बघता कलेजीसारखा गड्डा होतो आणि सरपोतेल नावाच्या त्या झणझणीत रश्शाची चव जाते. आमच्या भावकीत टोप धरायचा मान पप्पांचा. हात एका लयीत फिरला पाहिजे, थांबला की संपलं. अशा वेळी सर स्टीलची झाकणाची बरणी घेऊन हजर. आत तळाशी दोन चमचे आमटी आधीच घातलेली. "मालक, माझ्या वाटणीचं?" असं हा शाकाहारी माणूस इतक्या आशेनं विचारायचा, की खाटीकही हसून पहिली धार त्यांच्या बरणीत सोडायचा.

लोकांना वाटणारच, की एवढं गुणाचं पाणी आहे तर प्यायला का देत नाहीत? आचोळ्याहून एक गृहस्थ गाडी करून आले. हृदयात कुठेसा अडथळा, मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला शेवाळाचा मेसेज आणि हातात थर्मास. सरांनी त्यांना बसवलं, बिनसाखरेचा कोरा चहा पाजला आणि म्हणाले, "हा संपवा, घरी जा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी खा."

"पण तुमच्या औषधानं रक्त पातळ होतं ना?"

"बरणीत होतं. बरणीतलं बरणीत, अंगातलं अंगात. बरणीला पोट नसतं, आतडी नसतात, यकृत नसतं. माझी साखळी लांबलचक आहे. आतड्याच्या दारातून फारशी आत शिरतच नाही. तुम्ही पेलाभर प्यायलात तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाईल ते मी जेवणाच्या वेळी सांगत नाही."

गृहस्थ रागावून गेले. सर कंजूष आहेत असं आगाशीच्या बाजारात महिनाभर चाललं होतं.

आता पप्पांबद्दल सांगायला हवं. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला, त्यानं त्यांच्या हृदयाची एक झडप खराब केली होती. काही वर्षांपूर्वी ती बदलून धातूची घातली. खोलीत कुणी बोलत नसलं की त्यांच्या छातीतून बारीक टिक् टिक् ऐकू येते. आईला आधी त्या आवाजानं झोप लागत नसे, आता त्याच्याशिवाय लागत नाही. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज रात्री जेवल्यावर रक्त पातळ ठेवायची एक गोळी, जन्मभर. आणि रक्त फार पातळ किंवा फार दाट झालेलं नाही ना, हे बघायला अधूनमधून दंडात सुई.

पप्पांना सुईपेक्षा राग पालेभाजीचा होता. हिरव्या भाजीनं गोळीचा गुण कमी-जास्त होतो, असं कुणीतरी सांगितलेलं. पप्पांनी त्याचा अर्थ घेतला, की हिरवी भाजी बंद. ज्या माणसाचा माठ नि पालक बाजारात नावानं विकला जातो, त्यानं जेवताना बटाटा चिवडत बसायचं. "माझ्याच हातचा माठ मलाच परका," असं ते जेवायला बसलं की म्हणत आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करी.

सरांनी खोली घेतली त्याच आठवड्यात पप्पांच्या बोटात बाभळीचा काटा गेला होता. सरांनी कागद टेकवायला सुरुवात केली. हायड्रोजन ते निऑन, ठिपका. हायड्रोजन ते निऑन, ठिपका. ठिपक्यांची माळ कागदाच्या काठानं फिरून पुन्हा पहिल्या ठिपक्याला भेटली तरी रक्त झिरपतच होतं. सरांनी तो कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "मालक, तुमची गोळी चोख काम करतेय," म्हणाले. पप्पांना आपल्या रक्ताचं कौतुक पहिल्यांदाच झालेलं ऐकून बरं वाटलं.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी रीतीप्रमाणे डुक्कर कापलं, पप्पा टोप घेऊन बसले, सर बरणी घेऊन. शिरका त्या वेळी दुकानातला आणला होता, तो पाणचट निघाला. पप्पा हात दुखेपर्यंत ढवळत होते तरी रक्तात गाठी धरू लागल्या. बायका ओरडू लागल्या, "जोरात फिरवा, जोरात!" शेवटी ते गाळून घ्यावं लागलं. इतक्या वर्षांत पप्पांच्या टोपाला पहिल्यांदा नाव ठेवलं गेलं. बाजूला कट्ट्यावर सरांची बरणी. तिला ना कुणी ढवळत होतं, ना कुणी विचारत होतं. संध्याकाळी पप्पांनी झाकण काढून बरणी तिरकी केली. आतलं रक्त सरबतासारखं या बाजूचं त्या बाजूला गेलं. दुसऱ्या दिवशी, लग्न लागून पाहुणे जेवत असताना, पप्पांनी सूट घातलेल्या अंगानं जाऊन पुन्हा बघितलं. तरी तसंच.

"सर, मला द्या ना यातलं एक बाटली," पप्पांनी तिथंच मागितली.

"मालक, बरणीतलं बरणीत."

"ते आचोळेवाल्यांना. आपन घरचे."

"घरच्यांना तर मुळीच नाही," सर म्हणाले आणि पुरणपोळ्यांकडे वळले, त्यांच्यासाठी आईनं मुद्दाम केलेल्या.

विषय संपला असं सरांना वाटलं, आम्हालाही वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं, औषधाच्या कागदावर छापलेलं, मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून दहा वेळा समजावलेलं, यातलं काहीही पप्पांच्या मनात उतरत नव्हतं. पण टोपातलं रक्त त्यांना कळत होतं. जन्मभर त्यांनी तेच ढवळलं होतं. जे पाणी शिरक्यापेक्षा भारी, ते गोळीपेक्षा का भारी नसावं?

लग्न होऊन दोनेक आठवडे झाले असतील. सकाळी पप्पा केळीचा लोंगर उतरवत होते, कोयता निसटला आणि अंगठ्याला चांगलाच चाटून गेला. आईच्या ओरडण्यानं मी धावले, माझ्यामागून सर धावले. एका हातात आमटीचा डाव तसाच, दुसऱ्या हातानं खिशातून कागद काढत. "पुसू नका, पुसू नका!"

हायड्रोजन, हेलियम... निऑन. पहिला ठिपका मोठा उमटला. दुसरा त्याच्या निम्मा. तिसरा टिकलीएवढा. पुढच्या निऑनला कागद कोरा.

"देवा तुझी कृपा," आई म्हणाली. मीही श्वास सोडला. पप्पा तर अंगठा वर करून सगळ्यांना दाखवू लागले, "बघा! थांबलं पन!"

सरांनी पुन्हा हायड्रोजनपासून म्हटलं. या वेळी निऑनला आवाज चढला नाही. कागद कोराच. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग पप्पांच्या तोंडाकडे, आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"मालक, तुमचं रक्त असं थांबत नाही."

"थांबलं तर बरंच की, सर."

"थांबलं हेच बरं नाही. हा पुरावा नव्हे, नुसती शंका आहे. पण मला खरं सांगा. गोळी घेताय?"

"मी रोज हातावर ठेवते त्यांच्या," आई म्हणाली.

पप्पा केळीच्या बुंध्याकडे बघत होते. "ठेवतेस. खरं हाय."

"मग?"

"केळींना घातल्या."

"केळींना?" सर ओरडले. ते ओरडू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजात पोरांनी ॲसिड सांडलं तरी त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. खोलीची दुसरी किल्ली पप्पांकडे होतीच. लग्नानंतर त्यांनी फडताळातली मागची बाटली उचलली होती. रोज सकाळी तिचा एक घोट, रात्रीची गोळी केळीच्या खड्ड्यात, आणि दुपारी मळ्यातच चुलाणावर शिजवलेला टोपभर माठ. दोन आठवडे माणूस सुखात होता.

सर बांधावर मटकन बसले. "ते डुकराचं रक्त बरणीत होतं हो, मालक! तुमचं रक्त बरणीत आहे का? त्या झडपेवर गाठ धरली तर झडप अडेल. गाठ सुटली तर मेंदूत जाईल. आणि प्यायलात काय, तर शेवाळाचं धुवण!"

आई रडायला लागली. तिच्या रडण्यातून एवढंच समजलं, की लग्नाच्या दगदगीनं ती रोज पडल्या पडल्या झोपत होती, टिकटिक ऐकू येते की नाही याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ते ऐकल्याबरोबर सर उठले, पप्पांचा शर्ट बाजूला केला आणि त्यांच्या घामेजल्या छातीला कान लावला. केळीत वाऱ्याची सळसळ होती. सरांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, जणू वारासुद्धा गप्प होणार होता. मला तेव्हा फार भीती वाटली. इतकी, की मी आईचा हात धरायच्या ऐवजी कोयता धरून उभी होते.

"वाजतंय," सर म्हणाले. "स्वच्छ वाजतंय. चला, रिक्षा."

रिक्षात ते पप्पांच्या शेजारी, कान पप्पांच्या छातीकडे झुकवून. खड्डा आला की कान आपटायचा. रिक्षावाल्याला आरशातून काय वाटत होतं कोण जाणे, पण त्यानं गाडी जपून हाकली. पप्पा ओशाळून बाहेर बघत होते. मध्येच हळूच म्हणाले, "सर, लोक बघतात." सर म्हणाले, "बघू देत. मी मोजतोय."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंसमोर सर पहिलं वाक्य बोलले ते असं, "चूक माझी आहे. खोलीला मी माझं कुलूप लावायला हवं होतं." मग बाटलीत काय काय होतं, शेवाळ कशानं धुतलं, कशात भिजवलं, स्पिरिट उडून गेलं असेल की नाही, सगळं भराभर सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, रक्त काढलं आणि छातीची तपासणी करायला पप्पांना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. सर माझ्या शेजारी पुटपुटत होते. त्या दिवशी ते निऑनला थांबले नाहीत. सोडियम, मॅग्नेशियम करत पुढे पुढे गेले. लोखंड गेलं, तांबं गेलं, चांदी गेली. मी कॉलेजात असतानासुद्धा त्यांना इतकं लांब जाताना ऐकलं नव्हतं.

ते सोन्याच्या आसपास पोचले होते तेव्हा दार उघडलं. "गोळीचा गुण पार उतरलाय," बाई म्हणाल्या. "पण नशीब बघा, झडपेवर गाठ नाही. दोन्ही पानं छान उघडझाप करतायत. वेळेवर आणलंत. गोळीचा गुण परत येईपर्यंत पोटात इंजेक्शनं देऊ."

आईनं आधी क्रूस केला, मग आत जाऊन पप्पांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मला इतकं हलकं वाटलं, की मी पुन्हा बाकावर बसले आणि हसू लागले. सर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत उभे होते. बराच वेळ पुसत होते.

संध्याकाळी नर्स इंजेक्शन घेऊन आली. पप्पांनी विचारलं, "हे कशाचं असतं?" नर्सला सांगता आलं नाही, सरांची मात्र कळी खुलली.

"मालक, हीसुद्धा साखरच. लांब साखळी, गंधकाचे हात. माझ्या शेवाळाच्या साखरेची मावसबहीण. फरक एवढाच, की हिची परीक्षा माणसाच्या अंगात झालीय, माझीची अजून बरणीतच आहे. आणि ही काढतात कशातून माहीत आहे? डुकराच्या आतड्यातून."

पप्पा खदखदून हसले. "म्हंजे शेवटी डुकरानंच तारलं!"

"तारलं. आणि वेळ आली तर मीही घेईन," कांदा विचार करून खाणारे आमचे सर म्हणाले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पप्पांना इंजेक्शनापेक्षा तिचा गुण जास्त आला. पालेभाजी बंद करा असं कुणी म्हटलंच नव्हतं. रोज बेतानं आणि सारखी खायची, आज टोपभर आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही. "म्हंजे माठ चालतो?" पप्पांनी तीनदा विचारलं. घरी आल्यावर आईनं माठाची भाजी केली आणि वाटी भरून ताटात ठेवली. पप्पा वाटीकडे बघत म्हणाले, "उद्या पन एवढीच दे हां, जास्त नको." इतके शहाणे ते आधी कधी झाले नव्हते.

पप्पांनी आपल्याकडची किल्ली स्वतः सरांच्या हातात दिली. सर खोलीवर असले की रात्री पप्पांना गोळी घेताना समोर उभे राहून बघत आणि नंतर जीभ बाहेर काढायला लावत. पप्पा मुकाट्यानं जीभ काढत. साठी ओलांडलेल्या माणसाला दुसरा साठी ओलांडलेला माणूस "अजून बाहेर, अजून" म्हणतोय, हे बघायला शेजारची पोरं जमत.

पुढं एकदा सर न्हाणीघरात पाय घसरून पडले. पाय प्लॅस्टरमध्ये राहिला आणि त्या पायाच्या शिरेत गाठ धरली. तेही गोळीवर आले, पप्पांच्याच गोळीवर. आमच्या खोलीवर येणं थांबलं. शेवाळाचं सामान काकूंनी, आपलं जुनं वाक्य विसरून, फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत ठेवून घेतलं.

पप्पांना तेव्हापासून चैन पडेना. बाल्कनीत बाटल्या आणि घरात सर. दुसऱ्याला बरणीतलं बरणीत सांगणारा माणूस स्वतःवर प्रयोग करणार नाही याची काय खात्री? "मास्तर लोक लय वाईट," ते मला म्हणाले. "मी अडानी, मी चोरून प्यायलो. हे शास्त्र म्हनून पितील." मलाही ते खोटं वाटेना. सरांना मी वर्गात ओठांवर ब्यूरेटच्या नळीतल्या द्रावणाचा थेंब लावून चव सांगताना पाहिलं होतं.

परवाच्या रविवारी मिस्सा झाल्यावर, आधी न कळवता, पप्पा मला घेऊन एव्हरशाईन सिटीत गेले. बरोबर माठाची जुडी. काकूंनी दार उघडलं. सर खुर्चीत, पाय स्टुलावर, गालाला अर्धा साबण. दाढी चालली होती. आम्हाला बघून ते इतके खूश झाले, की वस्तरा हलला आणि हनुवटीला लागला.

"पुसू नका!" पप्पा ओरडले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून पांढरा गोल कागद काढला. तो त्यांच्याकडे कधीपासून होता मला माहीत नाही. खुर्चीसमोर वाकून त्यांनी सरांच्या हनुवटीला काठ टेकवला. ठिपका उमटला. पप्पांना मूलद्रव्यं येत नाहीत, त्यांनी एक 'नमो मरिया' म्हटली आणि पुन्हा टेकवला. ठिपका. "निऑनपर्यंत म्हणायचं असतं, मालक," सर साबणातून म्हणाले. "गप ऱ्हावा सर, हनुवटी हलते," पप्पा म्हणाले. पुन्हा प्रार्थना, पुन्हा ठिपका. काकूंनी आणलेला चहा निवत होता. मी ठिपक्यांकडे बघत होते, ते लहान होताहेत का ते. होत नव्हते. खोली इतकी शांत होती की दोन प्रार्थनांच्या मध्ये पप्पांची टिकटिक ऐकू येत होती.

"येतंय," पप्पा म्हणाले. "अजून येतंय, सर!"

"येणारच," सर म्हणाले. "मी गोळी केळीला घालत नाही."

ठिपक्यांची माळ काठानं फिरून पहिल्या ठिपक्याला भेटली. पप्पांनी डोळे पुसले आणि खिशातून दुसरा कागद काढला.